वजा केलेला चोथा

१९२३ सालच्या वसंतात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात रॉबिन लॉरेन्स नावाचे तिशीतले स्कॉटिश डॉक्टर मरणाची वाट पाहत होते. ऐन तारुण्यात त्यांना मधुमेह जडला होता. त्या काळी अशा पेशंटला कडक पथ्यावर, जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवून देता येत, इतकंच. घरच्यांच्या डोळ्यांदेखत मरण नको म्हणून ते परदेशात येऊन राहिले होते. तिथं त्यांना लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधून निरोप आला, की इन्शुलिन आलंय, ताबडतोब निघून ये. अंगात त्राण नसताना लॉरेन्स यांनी मोटार काढली आणि युरोप ओलांडून लंडन गाठलं. ३१ मे १९२३ रोजी त्यांना पहिलं इंजेक्शन मिळालं. पुढे ते ४५ वर्षं जगले.

पेशंट जगू लागले तसा एक नवाच हिशेब डॉक्टरांपुढे आला. किती खाल्लं तर किती युनिट टोचायचं? त्यासाठी कोणत्या पदार्थात किती कर्बोदकं हे नेमकं ठाऊक हवं, आणि हाताशी असलेले तक्ते फार ढोबळ होते. पदार्थातलं पाणी, प्रथिनं, स्निग्धांश आणि राख काढून टाकली की उरेल ते सगळं कर्बोदकांच्या खात्यावर मांडलेलं असे. म्हणजे कोबीच्या पानातला न पचणारा चोथासुद्धा साखरेच्या बरोबरीने मोजला जाई. लॉरेन्स यांच्या प्रोत्साहनाने रॉबर्ट मॅकन्स या तरुण संशोधकाने हे काम अंगावर घेतलं. त्यांनी फळं आणि भाज्या कच्च्या घेऊन, शिजवून घेऊन एकेक तपासली. १९२९ साली दोघांचा अहवाल छापून आला. त्यात कर्बोदकांची सरळ दोन गटांत वाटणी होती: अंगी लागणारी आणि अंगी न लागणारी.

मधुमेहींसाठी ही मोठीच सोय झाली. चोथा हिशेबातून वजा झाल्यामुळे त्यांच्या ताटात भाज्या वाढल्या. वजाबाकी बिनचूक होती. चूक तिच्यानंतर झाली. जे अंगी लागत नाही त्याचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही, असं वैद्यकशास्त्र पुढची चाळीसेक वर्षं धरून चाललं. ज्या गोष्टीचं मोजमाप मुळात मधुमेहींसाठी झालं, तिचाच मधुमेहाशी काही संबंध असेल का, हे कोणी विचारलं नाही.

तो प्रश्न पुढे आला तो प्रयोगशाळेतून नव्हे. एक आरमारी डॉक्टर, कंपालातला एक सर्जन आणि धर्मोपदेशक झालेला एक निवृत्त फिजिशियन यांनी तो विचारला.

आरमारी डॉक्टर म्हणजे सर्जन-कॅप्टन टॉमस लॅटिमर क्लीव्ह. दुसऱ्या महायुद्धात ते 'किंग जॉर्ज पाचवा' या युद्धनौकेवर होते. ताज्या भाज्या नाहीत, पांढऱ्या पिठाचा पाव आणि डबाबंद अन्न. खलाशी बद्धकोष्ठाने हैराण. क्लीव्ह यांनी गव्हाच्या कोंड्याची पोती जहाजावर मागवली आणि रोज चमचा-दोन चमचे कोंडा खायला लावला. गुण आला. आरमारात त्यांना 'कोंडावाला' हे नाव चिकटलं ते कायमचं. पण त्यांचं डोकं तिथं थांबलं नव्हतं. डार्विनचा त्यांच्यावर गाढ प्रभाव होता. माणसाचं शरीर हजारो वर्षं ज्या अन्नावर घडलं ते अन्न दोन-चार पिढ्यांत पालटलं, तर शरीर त्याला जुळवून घेणार कधी, असा त्यांचा सवाल होता. १८७०-८०च्या दशकांत इंग्लंडमध्ये दगडी जात्यांची जागा पोलादी रुळांच्या गिरण्यांनी घेतली. तोवर श्रीमंतांपुरतं असलेलं पांढरंशुभ्र पीठ गरिबाच्या घरातही स्वस्तात येऊ लागलं. त्याच काळात साखरही स्वस्त झाली. मधुमेह, दातांची कीड, मूळव्याध, हृदयविकार हे वेगवेगळे रोग नसून एकाच बिघाडाच्या फांद्या आहेत, असं क्लीव्ह मांडू लागले. वैद्यकीय वर्तुळात बरीच वर्षं कोणी त्यांना दारात उभं केलं नाही.

त्यांना साथ मिळाली दक्षिण आफ्रिकेतून, आणि तिथं गोष्ट भारतीयांशी येऊन भिडते. १८६० साली मद्रासहून निघालेलं 'ट्रुरो' हे जहाज १६ नोव्हेंबरला डर्बनच्या बंदराला लागलं. नाताळमधल्या उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले मजूर त्यात होते. शंभर वर्षांनी त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी डर्बनच्या किंग एडवर्ड आठवा हॉस्पिटलचा मधुमेहाचा दवाखाना भरून गेला होता. तिथले डॉक्टर जॉर्ज कॅम्पबेल चक्रावले. वंश तोच, पण त्या वेळच्या भारतातल्या गावांत मधुमेह क्वचित आढळे, आणि नाताळच्या भारतीयांत घरोघरी. नाताळचे भारतीय साखर कितीतरी पट अधिक खात होते. खेड्यातून शहरात आलेल्या झुलू पेशंटांचा इतिहास विचारता विचारता कॅम्पबेल यांना आणखी एक गोष्ट दिसली: शहरी खाणं सुरू झाल्यावर मधुमेह उगवायला साधारण वीस वर्षं लागतात. आज आपल्याकडे खेड्यातून शहरात आलेल्या पहिल्या पिढीकडे पाहिलं, की डर्बनमधलं हे निरीक्षण किती नेमकं होतं हे पटतं. १९६६ साली क्लीव्ह आणि कॅम्पबेल यांचं पुस्तक निघालं.

त्याच वर्षी डेनिस बर्किट युगांडातला वीस वर्षांचा मुक्काम आटोपून इंग्लंडला परतले.

बर्किट आयर्लंडमधल्या एनिस्किलनचे. अकराव्या वर्षी पोरांच्या दगडफेकीत एक डोळा गेला. इंजिनीअर व्हायला निघालेला हा मुलगा सर्जन झाला आणि धर्मश्रद्धेच्या ओढीने आफ्रिकेत गेला. कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलात १९५७ साली त्यांनी जबड्यावर चारी बाजूंनी सूज आलेलं एक मूल पाहिलं, आणि नंतर तशीच आणखी मुलं दिसत गेली. १९६१ साली दोन सहकाऱ्यांसह जुन्या फोर्ड गाडीतून त्यांनी सुमारे १६,००० किलोमीटरचा प्रवास केला. वाटेतल्या ५७ हॉस्पिटलांत फोटो दाखवून ते एकच विचारत: अशी मुलं तुमच्याकडे येतात का? त्या उत्तरांचा नकाशा बनला, आणि मुलांच्या त्या कर्करोगाला जगाने बर्किट यांचं नाव दिलं. म्हणजे इंग्लंडला परतले ते कीर्ती घेऊनच. १९६७ साली नामवंत साथरोगतज्ज्ञ रिचर्ड डॉल यांनी त्यांची क्लीव्ह यांच्याशी गाठ घालून दिली.

क्लीव्ह बोलत गेले आणि बर्किट यांच्या लक्षात येत गेलं की हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. अपेंडिक्स, पित्ताचे खडे, मोठ्या आतड्याचे फुगवटे यांच्या शस्त्रक्रिया म्हणजे इंग्लंडमधल्या सर्जनचा रोजचा घास. युगांडात वीस वर्षांत त्या हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच. मग त्यांनी आपली जुनी, नकाशाची पद्धत पुन्हा बाहेर काढली. आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या मिशन हॉस्पिटलांना दर महिन्याला प्रश्नावली जाऊ लागली: या महिन्यात अपेंडिक्सचे किती, पित्ताच्या खड्यांचे किती? क्लीव्ह यांचा सगळा रोख अन्नात जे जादा आलं त्यावर, म्हणजे साखरेवर होता. बर्किट यांनी बोट ठेवलं ते अन्नातून जे निघून गेलं त्यावर, म्हणजे चोथ्यावर. संशोधनाची दिशा बदलली ती याच ठिकाणी.

निघून गेलेल्या गोष्टीचा परिणाम मोजायचा कसा? बर्किट, त्यांचे दक्षिण आफ्रिकेतले सहकारी ॲलेक वॉकर आणि लंडनचे सर्जन नील पेंटर यांनी माणसाची विष्ठा मोजायला घेतली. एक्स-रेत उठून दिसतील अशा बारीक गोळ्या गिळायला द्यायच्या, पुढचे काही दिवस प्रत्येक वेळची विष्ठा प्लास्टिकच्या पिशवीत जमा करायची, पिशवीवर वेळ लिहायची, वजन करायचं आणि पिशवीचाच एक्स-रे काढून किती गोळ्या बाहेर आल्या ते मोजायचं. युगांडातल्या खेडुतांपासून इंग्लंडमधल्या वसतिगृहातल्या मुलांपर्यंत बाराशेच्या आसपास माणसांची ही मोजणी १९७२ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. इंग्लंडमधले खलाशी आणि त्यांच्या बायका यांची रोजची विष्ठा सरासरी १०० ग्रॅमच्या थोडी वर, आणि गोळ्या बाहेर पडायला ८० तासांहून जास्त. युगांडाच्या खेड्यात वजन ४७० ग्रॅम आणि वेळ दीड दिवस. ज्या कामाला कोणी हात लावला नसता ते काम नामांकित सर्जनांनी निष्ठेने केलं, म्हणून हे आकडे जगापुढे आले. त्यांच्या मोठेपणाची खूण कर्करोगाच्या नावापेक्षा मला या पिशव्यांत जास्त दिसते.

मधुमेहाचा धागा मात्र ह्यू ट्रॉवेल यांनी उचलला. ते १९२९ साली केनियात गेले आणि पूर्व आफ्रिकेत तीस वर्षं राहिले. कुपोषणाने सुजलेल्या मुलांवरचं त्यांचं काम मोठं आहे. त्या तीस वर्षांत आफ्रिकी पेशंटांत मधुमेह आणि हृदयविकार त्यांनी जवळजवळ पाहिलेच नाहीत. १९५६ साली सिंग नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एका आफ्रिकी माणसाच्या हृदयविकारावर लेख लिहिला. एकच पेशंट, पण इतका दुर्मीळ की त्यावर शास्त्रीय लेख व्हावा. निवृत्तीनंतर ट्रॉवेल चर्चमध्ये धर्मोपदेशक झाले. बर्किट यांनी त्यांना पुन्हा या कामात ओढलं.

ट्रॉवेल यांनी इंग्लंडचाच इतिहास चाळला. युद्धकाळात जहाजातली जागा वाचवायची म्हणून सरकारने १९४२पासून सगळ्यांना एकच सरकारी पीठ खायला लावलं होतं. शंभर किलो गव्हातून ८५ किलो पीठ, म्हणजे बराचसा कोंडा आतच. लोकांनी त्या करड्या पावाला नाकं मुरडली. पण त्याच वर्षांत मधुमेहाने होणारे मृत्यू, विशेषतः स्त्रियांमधले, लक्षणीय घटले होते. चोथ्याअभावी मधुमेह बळावतो, असा सिद्धान्त ट्रॉवेल यांनी १९७५ साली मांडला. यावर आक्षेप आले आणि ते रास्त होते. रेशनिंगमध्ये साखर, लोणी, मांस सगळंच कमी झालं होतं. श्रेय एकट्या पिठाला द्यायचं कसं? नाताळच्या भारतीयांबाबतही तेच म्हणता येतं. साखर वाढली, चोथा घटला, अंगमेहनत बदलली; यातलं कोणतं कारण ते नुसत्या निरीक्षणातून सुटं होत नाही. त्याला पेशंटवर प्रयोगच हवा होता.

तो केला डेव्हिड जेन्किन्स या ऑक्सफर्डच्या तरुण डॉक्टराने, आणि त्यासाठी त्यांनी वापरली आपली गवार. म्हणजे आपण भाजी करतो त्या कोवळ्या शेंगा नव्हेत, तर वाळलेल्या गवारीच्या बियांचं पीठ. राजस्थानात पिकणाऱ्या या बियांचा डिंक आइस्क्रीमपासून कागदापर्यंत अनेक कारखान्यांत जातो. १९७६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या प्रयोगात इन्शुलिन न घेणाऱ्या आठ मधुमेहींच्या जेवणात १६ ग्रॅम गवारपीठ आणि १० ग्रॅम पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळांतला पदार्थ, मिसळला. जेवणातली कर्बोदकं तेवढीच, १०६ ग्रॅम. तरीही जेवणानंतर अर्ध्या ते दीड तासात रक्तातल्या साखरेची उसळी स्पष्ट कमी झाली, आणि शरीराने इन्शुलिनही कमी सोडलं. इन्शुलिन घेणाऱ्या तिघांतही साखरेची उसळी तशीच कमी दिसली.

हे घडतं कसं, त्याचा छडा दोन वर्षांत लागला. गवारपीठ पाण्यात भिजलं की खळीसारखं चिकट होतं. ती चिकट लगदी जठरातून सावकाश पुढे सरकते आणि आतड्याच्या भिंतीपर्यंत साखर पोचायला वेळ लावते. जेन्किन्स यांनी तेच गवारपीठ रासायनिक प्रक्रियेने पातळ करून दिलं, तेव्हा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे गुण चिकटपणात होता. आता क्लीव्ह यांच्या लाडक्या कोंड्याचं काय? गव्हाचा कोंडा चिकट होत नाही. बद्धकोष्ठाला तो नामी. रक्तातल्या साखरेला त्याचा उपयोग बेताचाच. पुढे २००२ साली खुद्द जेन्किन्स यांनी मधुमेहींना तीन महिने कोंडा देऊन पाहिला आणि साखरेत फरक पडला नाही, हे जसंच्या तसं छापलं. आफ्रिकेतून आलेली कल्पना दिशेला बरोबर आणि तपशिलात अर्धवट होती. तिच्या पाठीराख्यांनीच तिला इतक्या कठोरपणे कसोटीला लावलं, म्हणून ती टिकली.

अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात जेम्स अँडरसन यांनी दुसरी वाट धरली. मधुमेहींना पिष्टमय पदार्थ तोडायला सांगायचे, ही तेव्हाची रीत. अँडरसन यांनी पेशंटना ७० टक्के ऊर्जा कर्बोदकांतूनच दिली, पण कडधान्यं, ओट्स, भाज्या अशा चोथेदार अन्नातून. इन्शुलिन घेणारे वीस सडपातळ पुरुष, सरासरी सोळा दिवस. वजन घटलं की साखरही उतरते, म्हणून कोणाचं वजन घटणार नाही अशी काळजी घेतली होती. १९७९ साली निकाल आला: इन्शुलिनचा रोजचा डोस सरासरी २६ युनिटांवरून ११वर उतरला, आणि वीसपैकी अकरा जणांचं इन्शुलिन बंद करता आलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या आणि १९८२ साली ब्रिटनच्या मधुमेह संघटनेने कर्बोदकांवरची जुनी बंदी सैल केली.

भारतीयांना यात नवल वाटायचं कारण नव्हतं. भात-भाकरी, डाळी आणि उसळी हेच इथल्या बहुतेकांचं जेवण. मद्रासमध्ये एम. विश्वनाथन मधुमेहींना पिष्ट आणि चोथा दोन्ही भरपूर असलेला आहार देऊन पाहत होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा आणि सहकाऱ्यांनी मेथीदाण्यांकडे मोर्चा वळवला. मेथीतला बुळबुळीत पदार्थ रसायनाच्या दृष्टीने गवारीच्या डिंकाचाच भाऊबंद. बालपणी किंवा तरुणपणी जडणाऱ्या मधुमेहाच्या पेशंटना रोज १०० ग्रॅम, तेल काढलेली मेथीपूड दोन वेळच्या जेवणात वाटून दिली, तेव्हा लघवीतून जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली, असं त्यांनी १९९० साली नोंदवलं. १०० ग्रॅम मेथी रोज पोटात घालायची म्हणजे पेशंटची सत्त्वपरीक्षाच. घरोघरी रात्री चमचाभर मेथी भिजत घालणाऱ्यांनी तो १०० ग्रॅमचा आकडा लक्षात ठेवायला हवा.

जेन्किन्स एव्हाना कॅनडात, टोरांटोला गेले होते. तिथं त्यांनी ६२ पदार्थ निरोगी माणसांना खायला देऊन रक्तातली साखर किती चढते ते मोजलं. १९८१ साली आलेला हा ग्लायसेमिक इंडेक्स आज पाकिटांवर छापलेला दिसतो. सर्वांत कमी चढ कडधान्यांनी. पण त्या तक्त्यात साखरेचा चढ आणि पदार्थातल्या एकूण चोथ्याचं प्रमाण यांचा मेळ बसला नाही. किती चोथा आहे यापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे आणि पदार्थात कसा गुंफलेला आहे, हे महत्त्वाचं ठरत होतं.

गरोदरपणाशी या विषयाचा संबंध अगदी आरंभीचा आहे. 'आहारातला चोथा' या अर्थाची इंग्रजी संज्ञा प्रथम छापली गेली ती १९५३ साली, एबन हिप्सली यांच्या लेखात, आणि तो लेख गरोदरपणातल्या विषबाधेवर, म्हणजे रक्तदाब वाढून झटके येण्याच्या विकारावर होता. चोथेदार अन्न खाणाऱ्या समाजांत हा विकार कमी दिसतो, असं त्यांचं म्हणणं. अकरा वर्षांनी बॉस्टनमध्ये जॉन ओसलिव्हन यांनी ७५२ गरोदर स्त्रियांना ग्लुकोज पाजून रक्त तपासलं आणि गरोदरपणातला मधुमेह ओळखायची मोजपट्टी तयार केली. चेन्नईच्या व्ही. शेषय्या यांनी ती तपासणी आपल्याकडच्या दवाखान्यांना झेपेल इतकी सोपी केली: उपाशी यायची गरज नाही, ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी एकदाच रक्त, १४० किंवा वर गेलं तर मधुमेह. लांबून एसटीने येणाऱ्या बाईला उपाशीपोटी पुन्हा बोलावलं तर ती येतच नाही, ही अडचण त्यांनी ओळखली होती. हे दोन धागे २००६ साली एकत्र आले. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या प्रदीर्घ पाहणीत १३,११० स्त्रियांचा आहार तपासला गेला. गरोदर राहण्याआधीच्या आहारात रोज दहा ग्रॅम चोथा जास्त असणाऱ्या स्त्रियांत गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका २६ टक्क्यांनी कमी आढळला.

चोथ्याची पूड करून विकायची हौस बाजाराला लगेच आली. गवारडिंकाच्या गोळ्या अमेरिकेत वजन उतरवायला म्हणून खपल्या; अन्ननलिकेत फुगून अडकल्याच्या तक्रारी आल्यावर १९९०च्या सुमारास त्या बाजारातून काढाव्या लागल्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला चोथा आवर घालतो का, यासाठी झालेल्या दोन मोठ्या अमेरिकी चाचण्यांतही २००० साली निराशाच पदरी पडली: आतड्यातल्या गाठी पुन्हा उगवायच्या थांबल्या नाहीत.

त्याच वर्षी टेक्सासमधल्या डॅलसहून मनीषा चांडालिया, अभिमन्यू गर्ग आणि सहकाऱ्यांचा प्रयोग 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आला, आणि त्यात ना पूड होती ना गोळी. तेरा मधुमेहींना सहा आठवडे रोज २४ ग्रॅम चोथ्याचा आणि सहा आठवडे ५० ग्रॅम चोथ्याचा आहार दिला. वाढीव चोथा आला तो संत्री, पपई, भेंडी, रताळं, ओट्स अशा साध्या बाजारातल्या वस्तूंमधून. दिवसभरातली साखर दहा टक्क्यांनी उतरली.

१९८१ साली ऑक्सफर्डमध्ये कडधान्यांच्या आहारावर मधुमेहींची चाचणी घेणाऱ्यांत जिम मान होते. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात गेल्यावरही त्यांनी हा विषय सोडला नाही. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटाने १८५ पाहण्या आणि ५८ चाचण्या एकत्र तपासल्या: सर्वांत कमी चोथा खाणाऱ्यांपेक्षा सर्वांत जास्त खाणाऱ्यांत मधुमेह, हृदयविकार आणि अकाली मृत्यू १५ ते ३० टक्क्यांनी कमी, आणि सर्वाधिक फायदा रोज २५ ते २९ ग्रॅम चोथ्याला. वर्षभराने त्यांनी ज्यांना मधुमेह झालेलाच आहे अशांचा हिशेब मांडला. ८,३०० जणांची सरासरी आठ-नऊ वर्षांची पाहणी आणि ४२ चाचण्या त्यात होत्या. रोज १९ ग्रॅम चोथा खाणाऱ्यांच्या तुलनेत ३५ ग्रॅम खाणाऱ्यांत त्या काळात दर हजारी चौदा मृत्यू कमी झाले होते.